हायवेच्या कामात गाडी ठोकली तर गुन्हा फक्त ड्रायव्हरवरच का?

उघडी_साईडपट्टी

रुंदीकरण चालू असलेला हायवे, रात्रीची वेळ, दोन लेनची अचानक एक होते आणि समोर अर्धवट बांधलेला डिव्हायडर, त्याला ना रेडियम ना ब्लिंकर. गाडी सरळ त्यावर चढते, ड्रायव्हर जागीच जातो. आता एफआयआर कुणावर? बऱ्याच वेळा मेलेल्यावरच. "हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून" ही ठरलेली वाक्यं टाकायची, मग आरोपीच मयत म्हणून अबेटेड समरी, म्हणजे केस संपल्याचा अहवाल, कोर्टात पाठवायची, फाईल बंद. रस्त्याची ती परिस्थिती कुणी केली हे त्या कागदात कुठेच येत नाही.

आणि हे नुसतं मानापमानाचं नाहीये, पैशाचंही आहे. दुसरी गाडी असती तर तिच्या इन्शुरन्सकडे क्लेम करता आला असता. एकटी गाडी, चूक ड्रायव्हरचीच धरली, मग घरच्यांना आपल्याच गाडीच्या थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. गाडी स्वतःच्या नावावर असेल आणि पीए कव्हर, म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, घेतलेलं असेल तर १५ लाख, नसेल तर तेही नाही. म्हणजे ठेकेदाराने धोक्याच्या खुणेचे ड्रम लावले नाहीत ह्याची किंमत त्या घराने एकट्याने भरायची.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. डिझाइन, बांधकाम किंवा मेंटेनन्सचे नियम पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्त्याची ऑथॉरिटी, ठेकेदार, कन्सल्टंट सगळे दंडाला पात्र. पण दंड किती, तर जास्तीत जास्त १ लाख, आणि तोही सरकारी फंडात जमा, पीडिताच्या हातात त्यातला रुपया नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम चालू असलेल्या पट्ट्यात अपघात झाला की बोर्ड, ड्रम, लाईट त्या रात्री जागेवर होते हे आधी ठेकेदाराने सिद्ध करावं, नाही करता आलं तर जबाबदारी त्याची. आत्ता उलट चाललंय, मेलेल्या माणसाने सिद्ध करायचंय की बोर्ड नव्हता.

पीसीसी_ते_पीक्यूसी

मी साईटवर काम करतो त्यामुळे दुसरी बाजू लिहितो, राग आला तरी चालेल. संध्याकाळी माणसं लावून पूर्ण डायव्हर्जन उभं करायचं आणि सकाळी बघावं तर ब्लिंकरच्या बॅटऱ्या गायब, प्लॅस्टिक बॅरियर कुणाच्या तरी शेताच्या बांधावर, दोन ड्रम ट्रकने चेपून खड्ड्यात. हॉटेलवाले, पंपवाले स्वतःच्या सोयीसाठी बॅरिकेड सरकवून कट उघडतात. आणि गाडीवाले? ४० चा बोर्ड असतो, ९० ने येतात, काही जण तर डायव्हर्जन टाळायला नव्या न उघडलेल्या काँक्रीटवरूनच गाडी घालतात आणि पुढे पुलाचा अप्रोच, म्हणजे पुलाला जोडणारा भराव, भरलेला नसतो. ह्या सगळ्याचं उत्तर मी द्यायचं?

दुसरं, गुन्हा दाखल झाला की उचलतात कुणाला, तर ज्युनियर इंजिनियर नाहीतर सुपरवायझरला. भूसंपादन अडकलं म्हणून पट्टा वर्षानुवर्षं तसाच पडलाय हा निर्णय त्याचा होता का? "सिद्ध करा नाहीतर तुम्हीच जबाबदार" हा नियम आणला तर तो सगळ्यात खालच्या माणसावर पडणार हे लिहून ठेवा.

क्लेम_पिटिशन

मी अपघाताचे दावे चालवते. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत, फौजदारी आणि भरपाई. फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं १०६(१) आहे, हयगयीने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ते ड्रायव्हरला लागतं तसंच ठेकेदारालाही लागू शकतं. सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा केला म्हणून २८५ आहे, पण त्यात फक्त ५००० पर्यंत दंड. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघं गेले, तिथे पीडब्ल्यूडीच्या इंजिनियर लोकांवर गुन्हा दाखल झाला. म्हणजे कायदा नाही असं नाही.

भरपाईत मात्र लोकांचा गैरसमज असतो. गाडीत बसलेल्या माणसाला दोघांच्या निष्काळजीपणामुळे लागलं, म्हणजे थोडी ड्रायव्हरची चूक आणि थोडी रस्तावाल्यांची, तर त्याला कंपोझिट निग्लिजन्स म्हणतात, तो पूर्ण रक्कम कुणा एकाकडूनही वसूल करू शकतो, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. ड्रायव्हर स्वतः दावा करत असेल तर त्याच्या चुकीचा वाटा रकमेतून वजा होतो. त्यामुळे साईटवाल्या दादांनी लिहिलेला ९० चा स्पीड वाया जात नाही, तो तिथे मोजला जातो. पण मोजला जातो म्हणजे ठेकेदार सुटला असं होत नाही.

बरेच जण म्हणतात की ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, फक्त गाडीवाला आणि इन्शुरन्स कंपनी. तसं नाही. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर रेल्वे फाटकाची केस होती, फाटकावर माणूस नव्हता आणि गाडीला ट्रेन धडकली, तिथे रेल्वेविरुद्धचा दावासुद्धा ट्रिब्युनलमध्ये चालतो असं ठरलं. ह्याच आधारावर ठेकेदार आणि ऑथॉरिटीला पार्टी करता येतं. लोक करत नाहीत, कारण वकीलही फॉर्म भरल्यासारखा अर्ज करतात.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी मी अर्धी सहमत आहे. १९८-अ मध्येच कोर्टाने काय बघायचं ते दिलंय, त्यात सावधानतेच्या काय सूचना लावल्या होत्या आणि धोका आहे हे ऑथॉरिटीला माहीत होतं का, किंवा असायला हवं होतं का, हे दोन्ही आहे. साईटवर काम चालू असताना "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणताच येत नाही, खड्डा त्यांनीच खणलाय. पण सरसकट पुराव्याचा भार उलटा केला तर दारू पिऊन बॅरिकेड तोडणाराही भरपाई मागेल.

रात्रपाळी_१२चाकी

मी ट्रक चालवतो. जुने पांढरे पट्टे पुसत नाहीत, ते सरळ नेतात आणि रस्ता डावीकडे वळवलेला असतो, पावसात तर कुठला पट्टा खरा तेच कळत नाही. आणि "काम चालू, हळू चालवा" चे बोर्ड काम संपून किती महिने झाले तरी तसेच, मग खऱ्या ठिकाणी कोण विश्वास ठेवणार सांगा. स्पीडवर बोलताना हे पण बोला.

पळसदरी

माझ्या भावाच्या केसमध्ये काय झालं ते सांगते, कंपनीचं नाव घेत नाही. एक लेन नवीन थर टाकून वर आलेली, शेजारची तशीच खाली, मधली कड वीतभर उंच आणि उघडी. रात्री चाक कडेवरून घसरलं, गाडी उलटली. आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला आणि तोपर्यंत तिथे ड्रम आणि पट्टी लागलेली होती, त्यामुळे पंचनाम्यात काय आलं तर "घटनास्थळी बॅरिकेडिंग केलेले दिसून येते". एका शेजाऱ्याने रात्रीच मोबाईलवर फोटो काढले होते, त्यात ड्रम नाहीत, कड स्पष्ट दिसते, पण पंचनाम्यापुढे त्या फोटोचं वजन पडावं म्हणून आम्हाला केवढं झगडावं लागलं ते आमचं आम्हाला माहीत. भाऊ आजही काठी घेऊन चालतो. त्यामुळे "मेलेल्याने सिद्ध करायचं" हे जे वर लिहिलंय ते जिवंत माणसालाही जमत नाही हो. पुरावा ज्याच्या ताब्यात, तोच तो सकाळी बदलू शकतो.

टेंडर_वाचक

मला हे पटत नाही. सगळी जबाबदारी ठेकेदारावर टाकली की तो टेंडरमध्ये तेवढी रक्कम वाढवणार, शेवटी टोलमधून आपणच भरणार. लायसन्स देताना नीट शिकवा, स्पीड कॅमेरे लावा, त्याने जास्त जीव वाचतील.

उघडी_साईडपट्टी

@टेंडर_वाचक, वर्क झोनच्या ट्रॅफिक व्यवस्थेसाठी आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे, २०१४ ला सुधारली, आगाऊ सूचनेचा टप्पा, लेन बदलायचा टप्पा, प्रत्यक्ष काम आणि शेवटचा टप्पा, प्रत्येक ठिकाणी काय लावायचं ते त्यात आहे. हायवेच्या कामात सुरक्षेची व्यवस्था ही ठेकेदाराची जबाबदारी म्हणून करारात असतेच. ज्याचे पैसे आपण आधीच दिलेत ते काम करून घ्यायला पुन्हा पैसे वाढतील हे कारण कसं चालेल? आणि मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे गेलेल्यांच्या वारसांना ६ लाख द्यायला सांगितले, तेही जबाबदार ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणून. खड्ड्याला जो न्याय तो खणलेल्या रस्त्याला का नको?

वकील ताई, दारूवाल्याचं मान्य. माझी मागणी थोडी बदलतो, रोज अंधार पडताना पूर्ण डायव्हर्जनचे वेळ आणि लोकेशन असलेले फोटो ऑथॉरिटीकडे अपलोड झालेच पाहिजेत, आणि अपघाताच्या दिवशीचे फोटो नसतील तर डायव्हर्जन नव्हतं असं धरायचं. फोटो असतील तर मग ड्रायव्हरचा स्पीड बघा.

क्लेम_पिटिशन

हे कोर्टात टिकेल असं आहे. तोवर कुणावर वेळ आलीच तर त्याच रात्री फोटो-व्हिडिओ काढा, १०३३ ह्या राष्ट्रीय महामार्गांच्या हेल्पलाईनवर तक्रार करून नंबर घ्या, आणि मंजूर ट्रॅफिक प्लॅनची प्रत माहिती अधिकारात मागा. दाव्याला ६ महिन्यांची मुदत आहे हे धरूनच चाला.

पीसीसी_ते_पीक्यूसी

फोटोला माझी हरकत नाही, उलट चोरी झाली हे मलाही दाखवता येईल. पण सही एकट्या सुपरवायझरची नको. प्रोजेक्ट मॅनेजर आणि जो ऑथॉरिटीचा इंजिनियर महिन्याचं बिल पास करतो, दोघांचीही सही त्याच रिपोर्टवर पाहिजे, आणि रिपोर्ट नसेल त्या दिवसाचं सेफ्टीचं बिल कापा.

पळसदरी

बिल कापा नाहीतर काहीही करा, पण ते फोटो अपघातग्रस्ताला मागितल्या दिवशी मिळाले पाहिजेत. आम्ही मागितले तेव्हा "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं लेखी आलं.