मदत हवी आहे: शिक्क्याची जांभळी शाई हातावरून निघेना

जांभळी_बोटं

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण काल हात दाखवून अवलक्षण झालंय, तेही अक्षरशः.

शिक्क्याचं पॅड सुकलं म्हणून त्यात शाई भरायला घेतली. बाटलीचं बूच निघेना. पकडीने ओढलं, बूच निघालं आणि अर्धी बाटली माझ्या हातांवर. उजव्या हाताची तीन बोटं, तळव्याची कड, डावा अंगठा आणि नखांच्या खाचा, सगळं गडद जांभळं.

आतापर्यंत केलेले उद्योग, त्याच क्रमाने: हात धुवायचा साबण (रंग मनगटापर्यंत पसरला), भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, मग लिंबू आणि मीठ चोळून पाऊण तास उन्हात बसणं. काल रात्री वैतागून पाय घासायची वजरी घेतली. आता गडदचा फिकट जांभळा झालाय, बोटं लाल झाली आहेत, पाणी लागलं तरी चुरचुरतात, आणि फोन माझा अंगठा ओळखत नाहीये.

सोमवारी सकाळी मुलाखत आहे. आज शनिवार.

एवढ्यावर भागलं नाही. मावशीचे रंगीत हात पाहून अडीच वर्षांच्या भाच्याने मार्कर शोधला आणि दोन्ही गालांवर रेघा ओढून घेतल्या. मार्करवर 'पर्मनंट' असं लिहिलंय. बहीण माझ्याशी बोलत नाहीये. घरात असेल त्यातलं काही सुचवा, माझ्यासाठी आणि त्याच्यासाठीही.

झटपट

पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच कापसावर घ्या आणि चोळा. दोन मिनिटांत हात स्वच्छ. मी कायम हेच करतो.

प्रयोगवही

@झटपट, अहो, असं सांगू नका हो. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते चांगलंच अल्कधर्मी असतं, त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी. धडधाकट कातडीलाही ते भाजतं, आणि या ताईंनी तर वजरीने सोलून ठेवलीय. वर त्यांच्या हाताला लिंबू लागलेलं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हाताच्या चार थेंबांनी घर भरणार नाही, पण 'ब्लीचमध्ये थोडं लिंबू पिळा' असा सल्ला कुणी ना कुणी देतंच, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

@जांभळी_बोटं, तुम्ही आज काहीही करू नका. खरंच काही नाही. कोमट पाण्याने हात धुवा, टिपून कोरडे करा, पेट्रोलियम जेली लावा आणि झोपा. सॅनिटायझरही आज नको, सोललेल्या जागी त्यातलं अल्कोहोल लागलं तर तारे दिसतील, आणि ते आत जावं असंही नाही.

बाटलीवर घटक लिहिलेत का? ग्लिसरीन, ग्लायकॉल, तेल, यातलं काय दिसतंय ते सांगा. शाई कोणती हे कळल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

आगाऊ_कार्टा

हातमोजे घालून मुलाखतीला जा. विचारलंच तर सांगा, माझ्या हाताला जागतिक दर्जाचे ठसे आहेत.

(बरं, गप्प बसतो.)

टाकदौत

लिंबाबद्दल थोडं. पंचवीस वर्षं शाईच्या पेनाने लिहितोय, बोटं कायम निळी, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

लिंबाचा उपाय खोटा नाही, तो दुसऱ्याच शाईचा आहे. जुनी लिहिण्याची काळी शाई हिराकस आणि मायफळापासून करत. हिराकशीतलं लोखंड आणि मायफळातलं टॅनिन मिळून तो काळा रंग बनतो. लिंबाचं आम्ल लोखंडाला धरून विरघळवतं, म्हणून डाग फिका पडतो. शाई बदलली, उपाय तसाच तोंडोतोंडी चालत आला. शिक्क्याच्या जांभळ्या शाईत लोखंड नसतं, तिथे लिंबू काय करणार?

साध्या निळ्या शाईच्या पेनाची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, ती साबणाने आणि धीराने जाते. पण 'पाण्याने न पुसणारी' म्हणून विकतात ती रंगकणांची शाई नखाच्या कडेला बसली की आठवडाभर मुक्काम.

प्रयोगवही

टाकदौत काकांनी बरोबर सांगितलं, पण लिंबात एक दुसरी गंमत आहे, ती मुळीच गंमत नाही. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी तिथे लाली, फोड आणि नंतर तपकिरी डाग येऊ शकतात. हे डाग कित्येक आठवडे राहतात. म्हणजे शाई घालवायला गेलात आणि तिच्याहून चिवट डाग पदरात घेतलात. ताई, तुम्ही पाऊण तास उन्हात बसलात म्हणून सांगते: दोन-तीन दिवस हातांना ऊन लागू देऊ नका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

दोन_पोरांची_आई

भाच्यासाठी मी सांगते, या परीक्षेत मी दोनदा बसलेय.

आधी बहिणीला सांगा की घाबरण्यासारखं काही नाही. गालावरचा मार्कर काहीच केलं नाही तरी चार-पाच दिवसांत बहुतेक उडून जातो. धीर नसेल तर बाळाच्या मालिशचं तेल कापसावर घ्यायचं, गालावर दोन मिनिटं राहू द्यायचं, हलक्या हाताने पुसायचं. मग कोमट पाणी आणि त्याचा नेहमीचा सौम्य साबण. दिवसातून दोनदा, बस्स. पहिल्यांदा अर्धंच निघेल, तिथे थांबायचं.

नेलपॉलिश रिमूव्हर तोंडाजवळ नाही म्हणजे नाही. सॅनिटायझरही लहान मुलाच्या चेहऱ्यावर नको. त्याची वाफ डोळ्यात जाते, आणि मुलं हात चाटतात. शिक्क्याच्या शाईची बाटली वर ठेवलीय ना? मार्करचं टोक चाटलं तर सहसा काही होत नाही, पण बाटलीतली शाई प्यायला तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. डोळ्यात गेली तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते रडणारं मूल हातात असल्याशिवाय कळत नाही.

जांभळी_बोटं

सगळ्यांचे आभार. लिंबाचं वाचून पोटात गोळा आला. अजून तरी फोड नाहीत, बाह्या ओढून बसलेय.

बाटलीवर लिहिलंय: पाणी, ग्लिसरीन, रंग. बाकी काही नाही. भाच्याला तेल लावलं, डावा गाल जवळजवळ साफ. उजव्या गालाला हात लावू देत नाहीये, त्याला ती मिशी वाटते.

पण मला हे कळत नाही की मी एवढं घासूनही रंग जात का नाही? आणि साबणाने वाढला कसा?

प्रयोगवही

वाढला नाही, पसरला. ग्लिसरीन घालतात ते पॅड सुकू नये म्हणून. त्यामुळे शाई हातावरही लवकर सुकत नाही. पाणी लागलं की ती ओली शाई आणखी पातळ होऊन कोऱ्या कातडीवर जाते. सांडल्या सांडल्या आधी कोरड्या कागदाने किंवा कापसाने टिपायला हवी होती, पाणी त्यानंतर. आता बोलून उपयोग नाही, पण पुढच्या बाटलीसाठी लक्षात ठेवा.

घासून का जात नाही? कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. एकावर एक पंधरा-वीस पापुद्रे समजा, तळहातावर त्याहून पुष्कळ जास्त. या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात. शिक्क्याचा जांभळा रंग बहुधा मिथाइल व्हायोलेटच्या घराण्यातला, आणि त्याला प्रथिनं फार प्रिय. जखमेवर लावायचं जांभळं औषध, जेन्शन व्हायोलेट, ते याच घराण्यातलं. ते ज्यांनी लावलंय त्यांना विचारा किती दिवस टिकतं! तर रंग वर बसलेला नाही, पापुद्र्यांमध्ये मुरलाय. घासून काढायचा तर पापुद्रे काढावे लागतात, आणि वजरीने तुम्ही नेमकं तेच केलंत. फोनला अंगठा ओळखू येत नाही तो त्यामुळेच, ठशाच्या रेषा घासल्या गेल्या. परत येतील. वरचा थर सगळा बदलायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. शाई त्याच्याबरोबरच जाणार आहे, तुम्ही काहीही केलं नाही तरी.

आता उद्याचं सांगते. उद्या सकाळी जिथे कातडी धड आहे, चुरचुरत नाही, तिथेच हे करा:

हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वरचा थर फुगतो. कोरडे करा. अल्कोहोलचं सॅनिटायझर, जेल असेल तर उत्तम कारण ते ओघळत नाही, डागावर थेंबभर घ्या. अर्धा मिनिट थांबा. मग ते ओलं असतानाच कापसाने टिपून घ्या. चोळू नका, दाबून उचला. सगळ्यांची चूक इथे होते. अल्कोहोल रंगाला विरघळवून वर आणतं, पण तसंच उडून जाऊ दिलं तर रंग पुन्हा तिथेच बसतो. अल्कोहोल रंग फक्त सोडवतं, उचलतो तो कापूस. दर वेळी नवा कापूस घ्यायचा. चार-पाच वेळा करा. कापसाला रंग लागायचा थांबला की तुम्हीही थांबा, हात धुवा, तेल किंवा क्रीम चोळा. संध्याकाळी पुन्हा एकदा. जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

लाल झालेली बोटं या सगळ्यातून वगळा. ती सोमवारी जांभळट दिसतील, दिसू द्या.

टाकदौत

बॉलपेनची शाई असती तर आधी तेल सांगितलं असतं. ती लापशीसारखी तेलकट असते, तेलाने सैल होते, मग साबण. पर्मनंट मार्करची शाई मुळात अल्कोहोलातच विरघळवलेली, म्हणून मोठ्यांच्या हातावर तिला सॅनिटायझर लागू पडतं. चायनीज इंक नावाने मिळते ती काजळीची चित्रकलेची शाई मात्र सुकल्यावर कशालाच दाद देत नाही. काजळी म्हणजे कार्बनचे कण, ते विरघळतच नाहीत. तिथे साबण, कोमट पाणी आणि वाट पाहणं.

झटपट

ब्लीचचं मागे घेतो. माझे हात कायम फाटलेले का असतात ते आत्ता कळलं.

जांभळी_बोटं

रविवार रात्रीची खबर. सकाळी पाच बोळे, संध्याकाळी चार. पहिला बोळा अक्षरशः जांभळाच्या कोयीसारखा निघाला, चौथा फिका, पाचवा जवळजवळ पांढरा. तळव्याची कड आणि डावा अंगठा आता फक्त माहीत असलेल्याला दिसतील. लाल बोटांना हात लावला नाही, ती आता चुरचुरत नाहीत, पण रंग आहे तसा आहे. फोड आले नाहीत.

नखांच्या खाचा मात्र तशाच आहेत. त्यांचं काय?

दोन_पोरांची_आई

नखाच्या वर रंग असेल तर कान कोरायच्या कापसाच्या काडीला नेलपॉलिश रिमूव्हर लावून फक्त नखावर फिरवा. आधी बाजूच्या कातडीवर पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे रंग तिकडे सरकणार नाही. खाचेत मऊ जुना टूथब्रश आणि साबण. नखात मुरलेला रंग नखाबरोबरच पुढे सरकणार. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, हिशेब तुम्हीच करा. किंवा गडद नेलपॉलिश लावा आणि विषय संपवा.

जांभळी_बोटं

गडद नेलपॉलिश! चार दिवस रसायनशास्त्र चाललंय आणि हे कुणालाच सुचलं नाही.

सोमवार दुपारची भर: मुलाखत झाली. हातांकडे कुणी पाहिलं असेल तर मला कळलं नाही, मी फायलीच्या खाली धरले होते. फोन अजून अंगठा ओळखत नाही, मधलं बोट नोंदवून घेतलंय. भाच्याची उजवी मिशीही गेली, त्याबद्दल तो नाराज आहे. बहीण बोलायला लागली.

आता एकच राहिलं. त्या दिवशी हात पुसलेला टॉवेल. पांढरा होता. वेगळा धागा काढू का?

प्रयोगवही

काढा. तोवर त्याला गरम पाणी आणि इस्त्री लावू नका.