४१ का अडतो, याची छोटी सिद्धता

२ चे घात (१, २, ४, ८…) आणि ३ चे घात (१, ३, ९, २७…) यांच्यामधल्या फरकातून ४१ कधीच मिळत नाही, असं सांगितलं जातं, पण पुरावा म्हणून फक्त 'संगणकावर खूप पुढपर्यंत तपासलं' एवढंच आहे. तेवढ्याने भागत नाही. ५ पाहा: ८ − ३ झालाच, पण ३२ − २७ सुद्धा. १३ तर १६ − ३ नंतर थेट २५६ − २४३ ला पुन्हा भेटतो. मोठे घात असे अवचित जवळ येतात.

४१ ची सिद्धता मात्र शाळकरी गणितात बसते. समजा २^क − ३^ख = ४१ (२^क म्हणजे २ चा क-वा घात). मग २^क हा निदान ६४, म्हणजे ८ ने भाग जाणारा. तेव्हा ३^ख ला ८ ने भागून बाकी ७ हवी, पण ३ च्या घातांची बाकी १ किंवा ३ च येते. संपलं.

उलट बाजूने ३^ख − २^क = ४१ असेल तर ३ ने भागून पाहिल्यावर क सम ठरतो (क शून्य नाही, ४२ हा काही ३ चा घात नव्हे), आणि ४ ने भागल्यावर ख सुद्धा सम. म्हणजे डावीकडे दोन वर्गांचा फरक. ४१ मूळ संख्या, त्यामुळे अवयव १ आणि ४१ च, आणि मोठ्या वर्गाचं वर्गमूळ (१ + ४१) ÷ २ = २१. ते ३ चा घात नाही!

५३ सुद्धा असा फरक म्हणून मिळत नाही, पण त्याला ही युक्ती पुरत नाही, तिथे ९ आणि १३ च्या बाक्या एकत्र लावाव्या लागतात. करून बघा. ९ का मिळत नाही, हे कोडं मात्र फुसकं आहे, ३ ने भागताच उलगडतं.