नाराची हरणं : बिस्किट न दाखवता फोटो कसे काढायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे ओसाकाला येताहेत. नारा, म्हणजे बागेत मोकळी हरणं फिरतात ते शहर, ठरलेलंच आहे, ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून गाडीने चाळीसेक मिनिटं. आईला हरणं बघायचीत आणि मला या खेपेला त्यांचे मनासारखे फोटो काढायचेत. इथे जपानात राहणारे आणि प्राण्यांचे फोटो काढणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझी अडचण जरा उलटी आहे. मी प्राण्यांचे फोटो काढायला शिकले रेहेकुरी अभयारण्यात, काळविटांवर. तिथे सगळी कसरत अंतर कमी करण्याची. एक पाऊल चुकीचं पडलं की कळप उधळलाच. नारात अंतर उरतच नाही. लांबचं टिपणारी १००-४०० मिमीची झूम लेन्स लावली तर हरीण इतकं जवळ येतं की फोकस बसत नाही, आणि ओलं नाक थेट लेन्स हूडला लागतं. वाइड लेन्स लावली की तेच नाक भलंमोठं होतं, कान कुठल्या कुठे जातात आणि मागे सेल्फीवाल्यांची गर्दी.

पण माझं खरं दुखणं लेन्सचं नाही. तिथे ‘शिका सेंबेई’ नावाची बिस्किटं विकतात, तांदळाचा कोंडा आणि पीठ यांची, बिनसाखरेची. विक्रीतला वाटा हरणांच्या देखभालीला जातो, त्यामुळे ती विकत घेण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण गठ्ठा हातात दिसला की प्रत्येक हरणाचा चेहरा एकसारखा होतो. मान ताणलेली, नजर हातावर. दोन-चार वेळा मान लववतात, लोक हसतात, आणि मग खाऊ मिळायला उशीर झाला की तेच हरीण ढुशी मारतं नाहीतर शर्टाचं टोक तोंडात धरतं. माझ्याकडचे जवळजवळ सगळे फोटो या एका क्षणाचे आहेत आणि त्यात ती मला लाचार दिसतात. ते मला खरंच आवडत नाही. कासुगा देवळाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी तिथली श्रद्धा आहे. १९५७ पासून ही हरणं राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित आहेत. हजाराहून जास्त आहेत, मोकळी आहेत, कुणाच्या दावणीला बांधलेली नाहीत. मला ती रवंथ करताना, एकमेकांना चाटताना, चिखलात लोळताना टिपायचीत.

तर प्रश्न असे. पहाटे तोबिहिनोच्या कुरणात गेलं तर बिस्किटवाल्यांच्या आधी कितपत वेळ मिळतो? तेव्हा हरणं आपल्याकडे बघतही नाहीत असं ऐकलंय. कुणाचा अनुभव? कासुगाच्या वाटेवर सुमारे २००० दगडी दीप आहेत, त्यांच्या मधून हरणं डोकावतात ती जागा मला फार हवी आहे. पण तिथे झाडांची दाट सावली, त्यात तपकिरी अंग आणि पार्श्वभागाचा पांढराशुभ्र पट्टा. तो पट्टा फाटू न देता (म्हणजे नुसता पांढरा डाग होऊ न देता) डोळ्यातली चमक कशी राखता? ८५ किंवा १३५ मिमीची प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेऊन जमिनीलगत बसणं कसं वाटतं?

दुसरं, हंगामाचं. चितळाचे ठिपके बारा महिने असतात, यांचे मात्र उन्हाळी अंगावरच. ऑक्टोबरअखेर हिवाळी करडा रंग चढलेला असणार. शिंगंही ऑक्टोबरच्या समारंभात कापतात, तीनेकशे वर्षांची ती रीत आहे, माणसांना आणि एकमेकांना इजा होऊ नये म्हणून. म्हणजे ठिपकेही नाहीत आणि बऱ्याच नरांची शिंगंही नाहीत. पण मेपल लाल व्हायला लागलेले असतील. या दिवसांत फोटोसाठी काय शोधावं?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात. शिंगं कापलेली असली तरी त्यांच्या ढुशीत ताकद असतेच. मी एकटी असते तर लांबून बघत बसले असते, पण बाबांचे गुडघे दुखतात, पटकन बाजूला होणं त्यांना जमत नाही. नर रागावलाय हे आधी कशावरून ओळखता? किती अंतर ठेवता?

आणि बाबांची पिशवी! प्रवासात चिवडा-लाडवाची प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्या हातात असतेच. नारात २०१९ साली काही हरणं मेली तेव्हा त्यांच्या पोटात प्लॅस्टिकचे गोळे निघाले होते, एकीच्या पोटात तर ४.३ किलो. खाण्याचा वास लागलेली पिशवी ती अख्खी गिळतात. त्यामुळे पिशवी ओसाकालाच ठेवायची, हे मी बाबांना फोनवर आत्ताच सांगितलंय आणि त्यांनी ते मनावर घेतलंय. तुम्ही डबा नेता का? चेनच्या सॅकमध्ये बंद डबा ठेवला तरी हरणं मागे लागतात का?

शेवटचं एक. पहाट गाठायची तर दोघांना ओसाकाहून पहिल्या गाडीने न्यावं, की आदल्या रात्री नारातच मुक्काम करावा? स्टेशनपासून तोबिहिनोपर्यंतचं चालणं गुडघेदुखीवाल्या माणसाला झेपेल का, की सकाळी लवकर बस मिळते?