प्रेस नोट म्हणजे बातमी नव्हे

पीआरवाल्यांमुळे, म्हणजे कंपन्यांची आणि नेत्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांमुळे, फ्रीलान्स पत्रकाराचं काम सोपं होतं असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माहिती पटकन मिळते हे खरं, पण प्रेस नोट जशीच्या तशी छापायची सवय लागली की बातमी संपलीच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीला महाराष्ट्रात वेगवेगळ्या पेपरांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दन् शब्द सारखं छापून आलं होतं, पत्रकार पी. साईनाथांनी ते 'द हिंदू'त उघड केलं, मग प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, अहवालही केला. आता तर डेस्कवर माणसं कमी आणि वेबसाइटवर सतत काहीतरी टाकायचंच असतं, त्यामुळे मेलमधला मजकूर हेडिंग बदलून चढवतात. आम्हा फ्रीलान्सरांना मानधन शब्दांवर मिळतं, चार फोन करून खातरजमा केली त्याचे पैसे कोण देणार? संपादकांनी ते द्यायलाच हवेत.