नर्सिंगला जावे की नाही, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न
शालेय शिक्षण संपत आले असून मला नर्सिंगची ओढ आहे. मात्र जखम पाहिली की पोटात ढवळते, त्यामुळे 'तू कशी टिकणार?' असे सगळेच विचारतात. शिवाय रात्रपाळी झेपेल का आणि डॉक्टरांच्या हाताखाली सांगकाम्यासारखे राहावे लागेल का, ही शंका मनातून जात नाही. या व्यवसायातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (वॉर्डमधील परिचारिका)
रक्ताची धास्ती बहुतेकांची सरावाने कमी होते, म्हणून मी तिला कसोटी मानत नाही. तेच ते निरीक्षण कोणी पाहत नसतानाही तितक्याच लक्षपूर्वक करता येईल का, हे स्वतःला विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलताना माकडहाडाजवळची आणि टाचांची त्वचा दर वेळी पाहावी लागते. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावरही फिकी पडली नाही, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजून तेथील भार तातडीने काढावा लागतो. श्वासाचेही तसेच आहे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा रक्तदाब घसरण्याआधीच ही गती वाढते. पण पूर्ण मिनिटभर छातीकडे न पाहता चार्टवर अंदाजाने आकडा टाकणाऱ्याच्या नजरेतून हा इशारा निसटतो. नुसता सेवाभाव असला की पुरे, असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते.

प्रतिसाद २ (अतिदक्षता विभागातील परिचारक)
सांगकाम्या असण्याच्या शंकेबद्दल लिहितो. औषध डॉक्टर लिहून देतात, पण रुग्णाला ते बहुधा नर्सच्या हातून जाते. म्हणून रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ हे सारे आधी पडताळावे लागते. उदाहरणार्थ, रक्तात पोटॅशियम कमी पडल्यावर देतात त्या पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेतून वेगाने गेले, तर हृदय बंद पडू शकते. लिहिलेल्या मात्रेची शंका आली, तर समोरचे डॉक्टर कितीही वरिष्ठ आणि घाईत असले तरी औषध न देता थांबून विचारावे लागते, आणि हे धाडस पुस्तकातून येत नाही. ज्याला वरिष्ठांना प्रश्न विचारण्याचाच संकोच वाटतो, त्याने रक्तापेक्षा या संकोचाची काळजी अधिक करावी.

रात्रपाळीचा त्रास मात्र खरा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुनर्विचारानंतर २०१९ मध्येही, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. सुरुवातीची वर्षे ती सहसा टळत नाही. पुढे बाह्यरुग्ण विभाग, शालेय आरोग्य किंवा अध्यापन असे दिवसाचे मार्ग असतात.

प्रतिसाद ३ (नर्सिंगच्या अध्यापिका)
वरील दोघांशी सहमत आहे. फक्त पाठीच्या दुखण्याचा उल्लेख राहिला. रुग्णांना उचलून, सरकवून अनेकांची कंबर धरते, तेव्हा उचलण्याची योग्य पद्धत आणि साधने जिथे शिकवली जातात, अशीच संस्था निवडावी. अर्ज भरण्यापूर्वी परवानगी घेऊन एखाद्या वॉर्डमध्ये ड्यूटी बदलण्याच्या वेळी थांबा आणि रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाविषयी काय सांगते, ते ऐका. ते ऐकताना कंटाळा आला, तर अर्ज भरण्याची घाई करू नका.