'दहशत' क्षणाची की कायमची?

टाचण (धागाकर्ता)
बिबट्या उसात महिनाभर फिरला की मथळा येतो, 'बिबट्याची दहशत कायम'. हा वापर मला खटकतो. शब्द मूळचा अरबी. तिथे द-ह-श धातूचा अर्थ थक्क होणं, भांबावणं. आजच्या अरबीत 'मुदहिश' म्हणजे चक्क 'अफलातून'. अरबीत एकटा उच्चारला तर 'दहशा', फारसीत शेवटचा 'त' पक्का झाला आणि तिथून तो आपल्याकडे आला. किंमत, दौलत, हिकमत याच वाटेने आल्या, सगळ्या स्त्रीलिंगी. म्हणजे दहशत ही क्षणात वाचा बसवणारी भीती. महिनाभर टिकते तिला धास्ती म्हणा.

खलबत्ता
मूळ अर्थ असा मानगुटीवर बसवायचा तर 'त्रास'चं काय करणार? संस्कृतात त्रास म्हणजे दचकवणारी भीती. नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी (म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या) भावांपैकी तो एक. कारणं: वीज, उल्का, मेघगर्जना, श्वापदाचा आवाज. लक्षणं: अंग आखडणं, कंप, रोमांच, अडखळतं बोलणं. टिकाऊ 'भय' वेगळं, ते भयानक रसाचा स्थायी भाव. (फारसी 'तर्स' आणि लॅटिन 'टेरर' याच कुळातले.) आज शेजारच्या मिक्सरचाही त्रास होतो, कुणी हरकत घेत नाही. हिंदीवाल्यांचा 'आतंक' तर चरकसंहितेत रोगाचा पर्याय आहे.

अर्थ विचारायचा तो क्रियापदाला. धडकी भरते, घाबरगुंडी उडते. दहशत बसते, पसरते, माजवतात. मागे 'तीन वर्षे' लावून पाहा. 'गावात तीन वर्षे दहशत होती' चालतं. 'तीन वर्षे घाबरगुंडी उडाली' म्हटलं तर लोक हसतील.

टाचण
'बसते' हा पुरावा होत नाही. दातखीळ बसते, धक्काही बसतो, दोन्ही क्षणात. 'माजवणे' मात्र कामाचं आहे, कारण त्याला माजवणारा लागतो. गुंडाची दहशत, सावकाराची दहशत. भूकंपाची मात्र धास्ती.

पानसुपारी
गंमत अशी की धास्ती ही दहशतीचीच बोलीतली लेक असावी. 'ह' सरकून 'द'ला चिकटला की 'ध', बहिणीची 'भैण' होते तसा. 'श'चा 'स' तर रोजच होतो. मग दोघींत भेद कसला करताय?

खलबत्ता
ध्वनी जुळले म्हणून नातं ठरत नाही. 'धासत' किंवा 'धास्त' असं मधलं रूप तारीख असलेल्या मोडी कागदात दाखवावं लागेल, आणि दहशत त्याच्याही आधीच्या कागदात. शेवटची 'ई' कुठून आली, तेही सांगा. व्युत्पत्तीची हौस नेमकी इथेच घसरते: दोन टोकं जुळवायची आणि मधला पूल गृहीत धरायचा. बरं, नातं सिद्ध झालं तरी भेद उरतोच. 'क्षेत्र' आणि 'शेत' एकाच मुळाचे, पण पंढरपूर क्षेत्री जाणारा नांगर घेऊन निघत नाही.

टाचण
मुदत बाजूला ठेवू. कर्त्याचं काय? दहशत माजवणाऱ्याला ती माजवायची असते. बिबट्या भक्ष्य शोधतोय, त्याला गावावर वचक बसवायचा नाही. मथळा 'बिबट्याचा वावर, गावात धास्ती' असा हवा.

पानसुपारी
हा मथळा अक्षरांनी स्वस्तही पडत नाही. उपसंपादक ऐकणार नाही.

खलबत्ता
आणि ज्याची शेळी गेली तोही ऐकणार नाही. 'वचक बसवायचा नाही' हे त्याला गोठ्यापाशी उभं राहून समजावून बघा.