तीस फॉर्म भरून मंडळीचं दुखणं कळतं का?

मुळाकाठचा

सर्वांना सलाम.

गेल्या आठवड्यात 'नवी_पालवी' यांनी लिहिलं होतं, की प्रत्येक मंडळीने (म्हणजे स्थानिक चर्चने) आधी स्वतःची आरोग्य-तपासणी करावी आणि मग पाच वर्षांची नूतनीकरण योजना आखावी. पद्धत क्रिस्टियन श्वार्झ या जर्मन गृहस्थांची. नेतृत्व, कृपादानांनुसार (देवाने ज्याला जी देणगी दिली तिच्यानुसार) सेवा, भक्तीतली उत्कटता, उपासना, घरगुती गट, सुवार्ता, आपसातलं प्रेम, कामाची रचना असे आठ गुण. मंडळीतल्या तीस जणांनी प्रश्नावली भरायची आणि ज्या गुणाला सर्वांत कमी मार्क पडतील तिथून काम सुरू करायचं. खाली 'आमेन'ची रांग लागली होती. मी चार ओळींत शंका विचारली, तर 'भाऊ, नकारात्मक आत्म्यापासून सावध राहा' असं उत्तर मिळालं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

हे तीस जण कोण? त्या पद्धतीतच म्हटलंय की ज्यांचा जीव मंडळीत आहे, ज्यांच्याकडे काही ना काही जबाबदारी आहे, अशांकडून फॉर्म भरून घ्या. आमच्याकडे असे तीस गोळा करायचे तर मंडळीचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी, त्यांच्या घरची माणसं, महिला मंडळाच्या पदाधिकारी आणि पेटीवाला. 'आपसातलं प्रेम' या रकान्यात हे लोक काय लिहिणार? ज्यांचं प्रेम आटलं ते केव्हाच उठून गेले. ताप एकाला आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या तोंडात, असा हा प्रकार.

आमच्या नगर जिल्ह्यात १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत घरंच्या घरं प्रभूकडे आली. त्यांची चौथी-पाचवी पिढी आज पिंपरी-चिंचवडला, मुंबईला आहे, नाहीतर गावातच आहे पण रविवारी येत नाही. का येत नाही हे त्यांना कुणी विचारलंय? योजना आखायचीच असेल तर आधी जे गेले त्यांच्या दारात जा. फॉर्म नंतर भरा.

नवी_पालवी

काका, सलाम. 'नकारात्मक आत्मा' मी म्हटलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी म्हटलं.

आमच्या मंडळीत आम्ही हे प्रत्यक्ष केलंय. सर्वांत कमी मार्क घरगुती गटांना पडले. सगळ्यांना वाटत होतं की आपल्याकडे कॉटेज मीटिंगा, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभा, होतात. होत होत्या, पण त्याच चार घरांत. मग गल्लीवार गट केले आणि कॉलेजची पोरं परत यायला लागली. हे पाळकसाहेबांना अंदाजाने कळलं नसतं. त्याआधी वार्षिक सभेत निम्मा वेळ पत्र्याच्या शेडवर जायचा, उरलेला ऑडिटवर.

आणि बायबलमधल्या प्रकटीकरणाचे दुसरा-तिसरा अध्याय काढून बघा. आशियातल्या सात मंडळ्यांचं एकेक करून मूल्यमापनच केलंय ना तिथे? सार्दीसला तर तोंडावर सांगितलंय की नाव जिवंत असल्याचं आहे, पण आहेस मेलेली.

मुळाकाठचा

ते मूल्यमापन प्रभूने केलं होतं. त्या सातांतल्याच लावदिकीयाच्या कमिटीला फॉर्म दिला असता तर 'आम्ही श्रीमंत आहोत, आम्हाला काही कमी नाही' असंच त्यांनी लिहिलं असतं. तसं ते म्हणतही होते, वाचा पुन्हा.

पेटीमास्तर

पेटीवाल्याचा टोमणा पोचला, आभारी आहे. आता वेळ झालीच आहे तर सांगतो. मंडळी मरगळली ती गाण्यांनी. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक कपाटात पडलंय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आता फक्त मयताच्या घरी. रविवारी कीबोर्डातला तयार ठेका, पडद्यावर हिंदी ओळी, आणि माईक ज्याच्या हातात तो डोळे मिटून तेच कडवं नऊ वेळा. माझी आई अक्षरओळख नसलेली, पण शंभरेक भजनं पाठ. तिला आता गाताच येत नाही, नुसती उभी असते. आठ गुणांत याला कुठे मार्क आहेत?

नवी_पालवी

'उपासना' या गुणात, मास्तर. फॉर्म भरा, कळेल.

कम्युनिकंट_२१२

गाण्याबिण्याचं सोडा. रजिस्टरात शेकड्याने कुटुंबं आणि रविवारी पुढचे चार बाक, हा मूळ आजार. कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. नाव इथे ठेवायचं, उपासनेला पत्र्याच्या हॉलमध्ये असेंब्लीत, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या मंडळीत जायचं, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) तिकडे द्यायचा. कमिटीच्या निवडणुकीला मात्र मतदार यादीत आपलं नाव आहे का ते बघायला हजर. आणि मेल्यावर? आमच्याच कबरस्तानात.

शेवगावची_लेक

हे वाक्य लिहिताना जरा तरी लाज वाटायला हवी होती, दादा.

माझी आत्या गुडघ्यांमुळे चर्चपर्यंत जाऊ शकत नव्हती. घराजवळच्या असेंब्लीतले लोक रिक्षा करून न्यायचे, म्हणून ती तिकडे जायची. तिचा बाप्तिस्मा आणि लग्न आमच्याच चर्चमधलं, आणि तिच्या बापाने त्या चर्चच्या भिंतीला दगड वाहिलेले. ती गेली तेव्हा ओसरीत शवपेटी ठेवलेली होती आणि सेक्रेटरींनी वही काढून मागच्या वर्गणीचा हिशोब सुरू केला. माझ्या भावाने मित्राकडून उसने आणून पैसे भरले. पावती मिळाल्यावर खड्डा खणायला माणूस गेला. ते कुटुंब त्या दिवसापासून चर्चची पायरी चढलेलं नाही. तुमच्या तीस फॉर्मांत हे कोण लिहिणार आहे?

माजी_सेक्रेटरी

ताई, दुःख समजतं. पण दुसरी बाजूही ऐका. मी अनेक वर्षं ती वही सांभाळली आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या गावी. कबरस्तानाची भिंत पडली की बांधतं कोण? ईस्टरच्या पहाटे तिथे उपासना असते, त्याआधी गवत कोण काढतं? पाण्याचं बिल, रखवालदार, आणि अतिक्रमण करणाऱ्याविरुद्ध कोर्टात तारखा. परदेशातून पैसा यायचा ते दिवस कधीच गेले. वर्षभर कुणी वळून बघत नाही. वर्गणी मागितली की 'कमिटी खाते'. आणि मयताच्या दिवशी मागितली नाही तर नंतर फोनही उचलत नाहीत, हा अनुभव आहे.

शिवाय जागा कुठे शिल्लक आहे? जो तो वडिलांवर फरशीची पक्की कबर बांधून टाकतो. पुढच्या पिढीला काय गच्चीवर पुरायचं?

हॉलवाला

त्या 'पत्र्याच्या हॉल'मधला मी एक. आमच्याकडे लोक का येतात ते एकदा सरळ विचारा. कुणी आजारी पडलं की संध्याकाळी चार माणसं घरी येतात. तुमचे पाळक तीन वर्षांनी बदलतात, नवीन आलेल्याला कुठला सभासद कोणत्या गल्लीत राहतो ते कळेपर्यंत त्याचीही बदली. आणि कबरस्तानासाठी आम्ही नगरपालिकेकडे अर्ज करकरून थकलो. जागा दिली की ज्याची त्याला.

कम्युनिकंट_२१२

घरी येतात ते आमच्या बायकापोरांना पुन्हा पाण्यात बुडवायला. लहानपणीचा बाप्तिस्मा म्हणे चालत नाही. बाप्तिस्मा आमचा चालत नाही, कबर मात्र चालते!

शेवगावची_लेक

तुम्ही माणूस आहात की पावतीपुस्तक?

वसईचा

कॅथॉलिक असून मध्ये तोंड घालतो, माफी असावी. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी ठरावीक वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरतात, त्यामुळे फरशीचं भांडण कमी. बाकीची सगळी भांडणं आहेत. आणि प्रश्नावलीबद्दल म्हणाल तर पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सिनड (चर्चची विचारविनिमयाची सभा) सुरू केली तेव्हा दुरावलेल्यांचंही ऐका असंच सांगितलं होतं. आम्ही धर्मग्रामात (आमच्या स्थानिक चर्चच्या हद्दीत) बसलो, बोललो, लिहून दिलं. अहवाल वर गेला. २०२४ मध्ये सिनड संपली. आमच्या गल्लीत अजून काही उतरलेलं नाही. पण एक झालं, दोन कुटुंबं पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोकळी बोलली.

दाखलेवाला

रजिस्टर खरं असावं म्हणणाऱ्यांना एक विचारतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. आपण ख्रिस्ती अजून बाहेर. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने आपल्यालाही घ्या अशी शिफारस केली, तरी काही हललं नाही. मग ज्याच्या पोराच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे तो नाताळला येतो, गुड फ्रायडेला येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकताना रडतो आणि नोंदवहीत नाव लिहू नका म्हणतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का. हा माणूस त्यात आहे की नाही? तो तुमच्या मंडळीत आहे की नाही? आधी हे ठरवा, मग टक्के काढा.

मुळाकाठचा

दाखलेवाले, नेमकं हेच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही हवे होते त्यांना. रजिस्टरच्या बाहेरची मंडळी त्यांना शंभर वर्षांपूर्वी दिसली होती.

माजी_सेक्रेटरी

आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर दरबाराचं पुढे काय झालं तेही सांगा. मागे वही सांभाळणारा कुणी नव्हता, म्हणून ओसरला. कवी मंडळी उभी करतात, टिकवतात आमच्यासारखे रुक्ष लोक.

पेटीमास्तर

पदं टिकली की.

मुळाकाठचा

सेक्रेटरीसाहेब, हा टोला बरोबर बसला, मान्य. पण केडगावला १९०५ मध्ये आत्मिक जागृती झाली ती पंडिता रमाबाईंनी कुठली प्रश्नावली वाटली म्हणून?

नवी_पालवी

काका, केडगावचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे जानेवारीपासून रोज ठरवून प्रार्थनागट चालू होते, जागृती जूनमध्ये झाली. त्याआधी बाईंनी आपल्या मुलीला, मनोरमाबाईंना, ऑस्ट्रेलियाला पाठवून तिथली जागृती बघून यायला सांगितलं होतं. याला अभ्यासदौरा म्हणतात. योजना म्हटलं की तुम्हाला अंगावर काटा येतो, पण बाईंइतकं नियोजन आपल्या एका डायसिसने (बिशपच्या हाताखालच्या विभागाने) केलं तरी खूप झालं.

असो. तीसपैकी दहा फॉर्म न येणाऱ्यांना द्यायला मी तयार आहे. श्वार्झच्या हिशोबात ते बसत नाहीत, त्यामुळे मार्क वेगळे काढावे लागतील. समाधान झालं?

मुळाकाठचा

अर्धं. फॉर्म पोस्टाने पाठवू नका आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. पाळकसाहेब आणि कमिटीतला एकजण, दोघांनी मिळून घरी जावं. चहा घ्यावा. आणि त्या दिवशी वही सोबत नेऊ नये.

माजी_सेक्रेटरी

वही नेऊ नका, ठीक. वर्गणी माफ करा असं कुणी म्हणत असेल तर ठराव आणा, सभेत बघू. माझं एवढंच म्हणणं की मयताच्या दिवशी मागायची वेळच येऊ नये यासाठी दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सणाआधी घरोघर जाऊन घ्यावी. मी जायचो. निम्म्या घरी वर्गणी मिळायची नाही, पण कोण आजारी आहे ते कळायचं.

शेवगावची_लेक

आमच्याकडे तसं कुणी आलं असतं तर आत्याने स्वतः उठून पैसे दिले असते. डब्यात काढून ठेवायची ती.

कम्युनिकंट_२१२

दर रविवारी या, म्हणजे घरोघर फिरायची वेळच येणार नाही कुणावर.

हॉलवाला

गुडघे, दादा. वर लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.